बिनकिल्लीचं रक्त

घड्याळजी आणि पत्र्याचे डबे ठोकणारा डबेवाला यांच्या दुकानांमध्ये एकच भिंत होती, आणि त्या ठोकाठोकीपायी अकरा वर्षं अबोला. आता घड्याळजीच्या बायकोचं ऑपरेशन अडलं होतं, कारण तिचा दुर्मीळ रक्तगट अख्ख्या शहरात एकाच माणसाचा निघाला. डबेवाल्याचा.

तो हातोडी टाकून तडक आला आणि बाही सरकवून पलंगावर आडवा झाला.

“ए आणि बी हे गट माणसाहूनही जुने, माकडांतसुद्धा सापडतात,” रक्तपेढीतल्या बाई भरत्या पिशवीकडे कौतुकानं बघत शेजारी उभ्या घड्याळजीला म्हणाल्या. “पण हा गट कधीकाळी कुणा एका पूर्वजात झालेला बदल असणार. तोच पिढ्यान्‌पिढ्या उतरत तुमच्या मंडळींपर्यंत आणि यांच्यापर्यंत आला.”

घड्याळजीला भरून आलं. इतक्या पिढ्या किल्ली न देता, एकदाही न उघडता चाललेली वस्तू तो जन्मात पहिल्यांदा बघत होता.

“म्हणजे वहिनी माझी बहीणच झाली की!” डबेवाला पडल्या पडल्या म्हणाला.

“झालीच,” घड्याळजी डोळे पुसत म्हणाला. “आजपासून ठोकाठोकीवरून तुम्हाला शब्दानं बोलणार नाही.”

महिन्याभरानं बायको ठणठणीत होऊन दुकानात येऊन बसली. तेवढ्यात पलीकडे दणादण सुरू झालं आणि घड्याळजीच्या चिमट्यातला सेकंदकाटा उडाला. दिलेला शब्द विसरून तो तणतणत उठला.

“खबरदार!” बायको कडाडली. “माझ्या माहेरच्या माणसांना काही बोलायचं काम नाही.”