कोणत्या बेटावर जायचं?

वाशीमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात वैष्णवीनं शेलूबाजारहून आलेल्या उकंडराव आणि तुळसाबाईंपुढं दोन क्रूझचे फोटो मांडले. एक मालदीवची, एक लक्षद्वीपची. निळं पाणी, पांढरी वाळू, रंगीत मासे, ती हौसेनं सांगत होती. दोघांचं फोटोंकडं लक्षच नव्हतं.

“पोरी, यातल्या कोन्त्या बेटावर कावळे असतात?” तुळसाबाईंनी विचारलं.

वैष्णवीला हसू आलं. “आजी, कावळे तर आपल्या इथंई हायेत! त्याच्यासाठी कायले येवढ्या दूर जाता?”

उकंडरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

 

“आमचा हरीओम जहाजावर कामाले होता, तिकडंच बुडाला. इथले कावळे त्याच्या पिंडाले शिवूनच नाई राह्यले, बाई. तिकडचे तरी त्याले ओळखत असतीन.”