दोन खोल्या, समुद्राजवळ

"पण लोकांना दिसतंय ना गो पोरी?" सुनेच्या लॅपटॉपला नाक टेकवत कमलाकांतने विचारलं.

"हे काय, दिसतंय की बाबा," दिशा म्हणाली.

दिसत होतंच. केळव्याचा किनारा, नारळाच्या वाडीतल्या दोन नव्या खोल्या, केळीच्या पानावर तळलेलं पापलेट. होडी विकून कमलाकांतने खोल्या बांधल्या होत्या, आणि दर रविवारी बोईसरहून येणाऱ्या सुनेने वर्डप्रेसवर वेबसाईट. पहिल्याच दिवशी तिने समजावलं होतं, "काम चालू आहे तोवर बाहेरच्यांना नुसती 'लवकरच येत आहोत' अशी पाटी दिसेल. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं." कमलाकांतला ते पटलं. नवी होडी तरी पूजेआधी पाण्यात कोण ढकलतो?

धंद्याची वाटणी त्याने चोख केली होती. रांधणार त्याची बायको काशीबाई, चादरी धुणार काशीबाई, न्हाणीघर घासणार काशीबाई. आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून खुर्चीत बसणार तो.

पाहुणा मात्र एक येईना. शेजारी मुंबईच्या गाड्यांना उभं राहायला जागा नाही, आणि ह्याच्या अंगणात कोंबड्या. त्याने फोटो बदलायला लावले, पापलेटाच्या जागी सुरमई चढवली, लॅपटॉपसमोर नारळही फोडला. दिशा न कुरकुरता सगळं करी. काशीबाई तर दर शनिवारी दोन्ही खोल्यांना अगरबत्ती दाखवी.

"काय कमलाकाका, साईट कधी चालू करताय?" शेजारच्या मेहुलने एकदा कुंपणावरून विचारलं.

"चिडवतोय मेला," कमलाकांत पुटपुटला, आणि त्या दिवसापासून त्याने मेहुलशी बोलणंच टाकलं.

मे महिना सरला. कमलाकांत ओट्यावर बसला तो उठेचना.

"होडी गेली, खोल्या ओस. आता माज्या हातात काय रायलं?"

काशीबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "अवो, जिवाला लावून घेऊ नका. कारखान्यातला तो शैलेश भाड्यानं मागतोय ना दोन्ही खोल्या? द्या त्याला. रांधायला त्याची बायको हाय."

कमलाकांतने कमरेचा जुडगा सोडून खुंटीला लावला, उपरण्याने डोळे पुसले आणि शैलेशला होकार कळवायला निघाला. फाटक करकरलं.

दिशाने लॅपटॉप उघडला. "आई, आता तरी ती पाटी काढू?"

काशीबाई गुडघ्याला तेल चोळत होती.

"थांब गो. आधी शैलेशचं सामान आत पडू दे."