नवव्या मजल्याची खोली

हॉटेलचा डेटाबेस चार दिवस कुरकुरत होता, म्हणून प्रोग्रामर पोरीनं सकाळी लॉगिंग चालू केलं. सगळं हॉटेल तिला लाडानं चष्मिष म्हणायचं. आता डेटाबेसला विचारलेला जो प्रश्न फसेल, तेवढाच लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, उतरणार होता.

चहा संपायच्या आत चोर सापडला. कोणीतरी सारखं नवव्या मजल्यावर रिकामी खोली शोधत होतं.

"आपले मजले तर आठच," रिसेप्शनवरच्या काकू हसल्या. "एवढी हौस कोणाला?"

कोणाला, ते लॉगमध्ये दिसेना. प्रश्न जिथून आला ती जागा कोरीच होती. डेटाबेसमध्ये प्रत्येक मजल्याचा वेगळा तक्ता होता आणि नवव्याचा नव्हताच, म्हणून प्रश्न फसायचा. चष्मिषनं कंटाळून सोपा उपाय केला. नवव्या मजल्याचा तक्ता बनवला आणि त्यात दोन रिकाम्या खोल्या टाकून दिल्या.

लॉग गप्प झाला.

"मिळाली एकदाची बिचाऱ्याला खोली," काकू म्हणाल्या आणि दोघी खो खो हसल्या.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. काकू नेहमीच्या गोड आवाजात "हो, सांगते" म्हणाल्या आणि त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"चष्मिष, नवव्या मजल्यावरून आहे. खोली छान आहे म्हणतात." त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं. "दुसरी तुझ्यासाठी ठेवलीय. तुझं सामान वर पोचलंय म्हणे."

चष्मिषनं खुर्चीखाली हात घातला. सकाळी ठेवलेली बॅग तिथे नव्हती.