दगडापाशीच्या वहाणा

वहाणा अजून तिथंच होत्या. देवराईच्या हद्दीवरच्या दगडापाशी, टाचेकडे झिजलेल्या, एका अंगठ्याला तांबडा दोरा बांधलेल्या. शमिकानं त्या लांबूनच ओळखल्या आणि तिच्या काळजात धस्स झालं. मामंजी सकाळी सहाला राईत शिरले होते. आता दोन वाजत आले होते. एरवी बाराच्या ठोक्याला पाटावर हजर असणारा माणूस!

दगडाच्या अलीकडे चौघं सावलीला बसले होते. शेजारी लाकूड कापायची दोन मशिनं. देवळाला नवा सभामंडप हवा म्हणून गावानं राईतली ऐनाची बारा झाडं विकली होती. नको म्हणणारा गावात एकच होता, तिचा सासरा भिकाजी. पण राईचा रिवाज मात्र अजून कुणी मोडला नव्हता. आत जाणाऱ्यानं पायताण दगडापाशी काढायचं, आणि पायताण तिथं आहे तोवर आत कुऱ्हाड उचलायची नाही. झाड कुणाच्या अंगावर आलं म्हणजे? दुसऱ्याच्या पायताणाला हात लावायचा नाही, हे तर ओघानं आलंच. मशिनं आठ वाजल्यापासून गप्प होती.

“म्हाताऱ्यास भायेर काड गो,” त्या चौघांचा म्होरक्या धाकू म्हणाला. “आजचा दिस फुकट गेला तर मशिनं उद्या दुसऱ्या गावास जायची, ती पावसाळ्यानंतर येतील. सकालपासनं हाका मारतोय, पन ओ नाय नि ठो नाय.”

ओ नाही? मामंजींच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्प्रिंगा बसवल्या होत्या. आठवड्यापूर्वी बिबट्यानं त्यांच्याच पडवीतून कुत्रा उचलला होता. नवरा, संदेश, मुंबईहून फोन करायचा तो एकाच वाक्यानं ठेवायचा, “बाबांवर लक्ष ठेव.” आणि ती? राजापूरच्या बाजारात वाढलेली, पाल दिसली तरी पलंगावर चढणारी. लग्नाला पाच वर्षं झाली तरी दगडाच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. मामंजी म्हणायचे, “एकदा चल गो. काय करायचं नाय, नुसतं फिरायचं. आपन फिरलो नाय तर रान आपल्यास वलखनार कसं?” ती हसून विषय बदलायची.

तिनं चपला काढल्या, त्यांच्या वहाणांशेजारी ठेवल्या आणि आत गेली.

दहा पावलांत ऊन संपलं. पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होता आणि त्याखाली काय असेल या विचारानं अंगावर काटा येत होता. “मामंजी!” तिनं हाक मारली. तिचा स्वतःचा आवाजच तिला परका वाटला. तेवढ्यात डोक्यावरून घसघस करत काहीतरी मोठं गेलं. ती मटकन खाली बसली, डोळे गच्च मिटून. मग आठवलं, हा ककणेर, मोठ्या चोचीचा धनेश पक्षी. त्याच्या पंखांचा आवाज मामंजी जेवताना करून दाखवायचे.

डोळे उघडले तर समोर हातभर उंचीचं रोप, भोवती दगडांचं आळं, त्यावरची वेल सोडवून बाजूला टाकलेली. पुढं आणखी एक. मग आणखी. म्हातारा रोज आत येऊन करतो काय, ते तिला आज कळलं. ती रोपांच्या मागानं चालू लागली. झऱ्यापाशी पोचली. झरा साफ केलेला, काठावर पाणी प्यायला करवंटी. आणि चिखलात अनवाणी पावलं उमटलेली. पुढं गेलेली. परत आलेली नाहीत.

त्यांच्या बाजूनंच चार बोटांचे गोल ठसे होते.

शमिका रडायलाच लागली. रडत, देवाला साकडं घालत, दिसेल त्या सावलीला दचकत ती त्या पावलांमागं गेली. मागं वळावंसं शंभरदा वाटलं. झाडी विरळ झाली, उजेड आला आणि समोर डांबरी रस्ता. कडेला गावातली सोनूबाई शेळ्या राखत बसली होती.

“गो बाय, तू हिकडनं?”

“मामंजी दिसले काय कुठं?”

“सकालच्या गाडीनं रत्नांग्रीस गेलं नाय काय! तोड थांबवायचा सायबाचा कागद घेऊन सांजच्याला येतो म्हनालं. अनवानीच निगालं. मी इचारलं, वहाना खयं? तर हसलं. म्हनालं, राखनीला बसवल्यात.”

शमिका तिथंच बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं आधी सासऱ्याला चार शिव्या घातल्या. जरा सांगून जाता येत नव्हतं?

घरी जायला रस्ता होता, सरळ, उजेडाचा. ती उठली आणि पुन्हा राईत शिरली. भीती गेली नव्हती. ठसे अजून तिथंच होते. झऱ्यावर ती करवंटीभर पाणी प्यायली. वाटेत एका रोपाला वेलीनं आवळलं होतं, ते सोडवलं.

दगड दिसला तेव्हा चार वाजले होते. धाकू उभाच होता.

“गावले काय?”

देवाच्या हद्दीत उभं राहून खोटं बोलायची तिची छाती नव्हती. “मामंजी आत नाहीत,” ती म्हणाली.

चौघं उठले. धाकूनं मशीन उचललं. शमिकाचं पाऊल दगडाबाहेर पडतच होतं, ते तिनं मागं घेतलं.

“धाकूभावजी, माझ्या चपला दिसतायत ना तिथं? मग बसा खाली. मी अजून फिरतेय.”