मटकीने मोजलेला उशीर

टोरांटोच्या विमानासाठी पुण्याच्या प्रतीक्षाकक्षात एकशे चौऱ्याऐंशी प्रवासी आणि तितकेच मनगटी पट्टे होते. पट्टा बांधला की कितीही तास घटकाभराचेच वाटत. घड्याळे आणि फोन विमान कंपनीने आधीच जमा करून घेतले होते.

"मावशी, चाळीसच मिनिटं झालीत," काउंटरवरचा अन्वय म्हणाला. "तीन तास उशीर झाला, तरच दुसऱ्या विमानात जागा देतो आम्ही."

"उद्या लेकीचं सिझेरियन आहे. चाळीस मिनिटं कोण म्हणतं?"

"पट्ट्यातली नोंद. तुमच्याकडे दुसरं मोजमाप आहे का?"

सुलभाताईंनी पिशवीतून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली. लेकीला उसळ हवी म्हणून भिजवलेली मटकी होती ती.

"बियाणे प्रयोगशाळेत तीस वर्षं हेच मोजलंय मी. पट्टा बांधताना एकाही दाण्याला मोड नव्हता. या उबेत मोड तासाला एक मिलिमीटर वाढतो. आण फूटपट्टी. आणि आकडा तू वाच, सगळ्यांना ऐकू जाईल असा."

मागची रांग पुढे सरकली. अन्वयने दहा दाणे मोजले.

सरासरी लांबी अकरा मिलिमीटर भरली.