आपली जागा

दगडावर वेंडेलचं नाव होतं. वेंडेल हॉल्बर्ग, खाली जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे गुळगुळीत कोरी जागा. लोरेटाने आधी दगडाकडे पाहिलं, मग वेंडेलकडे. तिचा नवरा चांगला जिवंत होता. घरगाडीच्या पायरीवर बसून बुटात गेलेला खडा काढत होता.

त्याच्या नावाशेजारी कॅरलचं नाव होतं. तिची दोन्ही सालं भरलेली होती. दोन नावांच्या मधोमध एकमेकांत अडकवलेल्या दोन अंगठ्या कोरल्या होत्या आणि अंगठ्यांखाली त्या दोघांच्या लग्नाची तारीख.

कॅरल ही वेंडेलची पहिली बायको. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेलेली. हे त्याने लोरेटाला ओळख झाली तेव्हाच सांगितलं होतं आणि लोरेटाने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. इतक्या लहान वयात गेलेल्या पोरीवर कसलं जळायचं? पण या दगडाबद्दल त्याने चाळीस वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं. इकडे नेब्रास्कात कुणाची माती असली की तो एकटाच यायचा, लोरेटा ॲरिझोनात मुलांच्या शाळा सांभाळत राहायची. आता कामधंदा सुटला, तेव्हा हौसेने ही झोपण्या-रांधण्याची सोय असलेली घरगाडी घेतली आणि सोयरे, जुने मित्र गाठत गाठत दोघं ऐन मेमोरियल डेला, गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, त्याच्या गावी पोचले होते.

गावातली सगळी घरं त्या दिवशी दफनभूमीत लोटतात. वेंडेलची बहीण डार्लीन कॉफीच्या रिकाम्या डब्यांना चंदेरी कागद गुंडाळून त्यांत परसातली पिओनीची फुलं घेऊन आली होती. तिने एक डबा कॅरलच्या नावापुढे ठेवला आणि दुसरा, अगदी सहज, वेंडेलच्या.

"दरवर्षी ठेवते," ती म्हणाली. "याच्या वाट्याची फुलं आगाऊच. अर्धा दगड बोडका बरा दिसत नाही गं."

आणि हसली. लोरेटाही हसायला गेली, पण तोंड नुसतंच उघडं राहिलं.

आठच दिवसांपूर्वी ती दोघं कॅन्ससला तिच्या भावाकडे होती. जेवताना ड्वेनने विषय काढला. आईबाबांच्या शेजारच्या दोन जागा त्याने इतकी वर्षं लोरेटा आणि वेंडेलसाठी धरून ठेवल्या होत्या. हव्यात का, नसतील तर तो त्या लेकीला देणार होता. लोरेटाचा घास हातातच थांबला. आईच्या शेजारी. पण ती काही बोलायच्या आत वेंडेल बटाटे वाढून घेत म्हणाला, "देऊन टाक तिला. आपली जागा आहे तिकडे, नेब्रास्कात." आपली, असं म्हणाला होता. लोरेटाने मान डोलावली. नवऱ्याने आपला विचार करून ठेवलाय याचं तिला तेव्हा बरंच वाटलं होतं.

वेंडेल बूट चढवून आला. ती काय बघत उभी आहे हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं, मग तो भरभर सांगू लागला. तेव्हा वय कोवळं, डोकं ठिकाणावर नव्हतं. दगडवाला म्हणाला, जोडीचाच घे, सगळे जोडीचाच घेतात. घेतला. पुढे तिला सांगायचं राहून गेलं.

"आणि मी?" लोरेटाने विचारलं.

"अगं, तुझी सोय केलीय. मी विचारून ठेवलंय. दहन करून नुसती राख असेल तर पायाशी जागा देतात."

"कुणाच्या पायाशी, वेंडेल?"

डार्लीनने उगाच एक डबा उचलला, होता तिथेच परत ठेवला आणि आपल्याला आईच्या दगडापाशी जायचंय असं पुटपुटून ती पलीकडच्या रांगेत निघून गेली.

"चल, गाडी काढ," लोरेटा म्हणाली.

तिथला रस्ता चिंचोळा होता. एवढी थोरली गाडी वळवायला वाव नव्हता, फाटकापर्यंत उलटीच न्यावी लागणार होती. त्यांना ते अंगवळणी पडलं होतं. तो गाडी चालवायला बसायचा, ती मागे उभी राहून हाताने खुणा करायची. निघाले त्या दिवशीच त्याने तिला बजावलं होतं, तू आरशात दिसेनाशी झालीस की मी जागच्या जागी थांबणार. त्यावरून ती त्याला वाटभर चिडवत आली होती, म्हातारपणी बरी माझ्यावाचून अडायला लागली गाडी.

डाव्या आरशात तिचा हात दिसत होता. ये, ये, अजून ये. गाडी हळूहळू मागे सरकली. मग हात खाली आला आणि ती आरशातून बाजूला गेली. वेंडेलने उजव्या आरशात पाहिलं. तिथेही नव्हती. त्याने ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि वाट बघत बसला.

खिडकी उघडी होती. गाडीच्या मागून तिचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती.

"ड्वेन, आईच्या शेजारच्या जागा दिल्यास का रे पोरीला?" मग थोडा वेळ ती नुसतं ऐकत होती. "नाही, नाही. दोन नकोत. एकच."