सरदारची टकटक

कोरोनात दवाखान्यात माह्या बाजूच्या खाटेवर मारेगावचा सरदार मेकॅनिक होता. बोलाची ताकद नव्हती, तरी आमची मजाक चाले. तो खाटेच्या दांडीवर दोनदा टकटक करे, म्हणजे "मेला काय बे?" मी एकदा टक केलं का समजाचं, जित्ता हाये. शेवटी तोच गेला.

माही दमछाक काही गेली नाही, म्हणून काल यवतमाळले हृदयाचा इको कराले गेलतो. तपासणाऱ्या दीपा मॅडमनं मशीनचा आवाज वाढवला.

टक, टक. मंग काहीच नाही.

"काका, मजाक नका करू, श्वास घ्या."

"घेऊन राह्यलो ना बाई."

मी खाटेवर एकदा टक केलं. पडद्यावरचं हृदय हाललं. टक, टक. पुन्हा थांबलं.

तवापासून वाजवूनच राह्यलो. आता बोट थकलं.